घरगुती श्रोत्यांचा कौल

क्रमांक दहा

गाणं दहावं आलं.

दहांत दहावं म्हणजे शेवटचं, हे श्रीपती मुळ्येला कोणी समजावून सांगायला नको होतं. रत्नागिरीला जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात तो वरिष्ठ लिपिक होता. नळयोजनांसाठी गावांच्या प्राधान्ययाद्या करण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती. यादीत शेवटी असलेल्या गावाला पाणी कधी मिळतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

१९९९ सालचा शेवटचा रविवार. 'दैनिक किनारवार्ता'च्या पुरवणीत संगीतसमीक्षक मालन आजगावकर यांनी 'सरत्या वर्षातली दहा पॉप गाणी' निवडली होती. श्रीपतीची बायको कुसुम मालनबाईंचं सदर दर रविवारी वाचायची. वाचायची म्हणजे आधी चहाचा कप बाजूला ठेवायची, पदराने हात पुसायची आणि मग वाचायची. देवाच्या पोथीलाही ती इतका मान देत नसे, कारण पोथी तिला पाठ होती.

त्या दिवशी ती मोठ्याने वाचत होती. एक, दोन, तीन करत शेवटाला आली.

"दहा. 'तुझी छत्री माझ्याकडे'. चाल गोड, आशय पोकळ. गाणे ऐकण्यापेक्षा गुणगुणण्यातच ज्यांना समाधान आहे, अशा घरगुती श्रोत्यांसाठी."

वाचून झालं. कुसुमने पुरवणीची घडी घातली.

"घरगुती," ती म्हणाली. लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी वाचावी तसं. आणि पोळ्या करायला गेली.

आता या ठिकाणी एक गोष्ट सांगायला हवी, जी श्रीपतीने आजवर कोणालाही सांगितलेली नाही. मुलाने, सलिलने, जूनमध्ये पुण्याहून ती कॅसेट आणून दिल्यापासून कुसुम रोज सकाळी पोळ्या लाटताना 'तुझी छत्री माझ्याकडे' गुणगुणत असे. बावीस वर्षांच्या संसारात ती कधी गुणगुणल्याचं श्रीपतीला आठवत नव्हतं. लग्नाआधी गायची का, हे त्याने विचारलं नव्हतं आणि आता विचारायचं म्हणजे इतकी वर्षं का विचारलं नाही, ते सांगावं लागलं असतं. त्यांच्या घरात मोरी स्वयंपाकघराला लागून. श्रीपती आंघोळीला वेळ लावू लागला. सहा महिन्यांत त्याच्याइतका स्वच्छ लिपिक जिल्ह्यात नव्हता.

सोमवारी मोरीत फक्त लाटण्याचा आवाज आला. मंगळवारीही लाटणंच. बुधवारी श्रीपतीने तिसरा तांब्या डोक्यावर ओतला आणि ठरवलं. ते गाणं यादीत वर न्यायचं. मग बाईंचंच वर्तमानपत्र बाईंना चुकीचं ठरवील, आणि मग लाटण्याला सोबत मिळेल.

क्रमांक नऊ

*प्रति, मा. संपादक.*
*विषय: गाणे क्र. १० चा क्रमांक सुधारून मिळणेबाबत.*
*संदर्भ: आपली दि. २६ डिसेंबरची पुरवणी, पान तीन.*
*महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर गाणे हे*

इथे श्रीपती अडला. सदर गाणे हे काय? दोन दिवस तो या 'हे'वर बसून होता. अठरा वर्षांत त्याने विहिरी, टाक्या, पाइप आणि सरपंचांविषयी पानंच्या पानं लिहिली होती, पण चाल कशी आहे हे कार्यालयीन मराठीत लिहायची सोय नव्हती. अखेर त्याने लिहिलं, *चांगले आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.* सोबत: काही नाही.

ते पत्र घेऊन तो स्वतः 'किनारवार्ता'च्या प्रतिनिधीकडे गेला. अनिल शिवगण म्हणून पोरगेलासा माणूस, एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसायचा. त्याने पत्र वाचलं, उलटं करून मागेही बघितलं.

"मुळ्येकाका, ह्याचं काय करू?"

"छाप."

"गाण्याबद्दल पत्र नाही छापत. त्याला कूपन आहे. पुरवणीतच होतं की, खाली डाव्या कोपऱ्यात."

"मग तक्रार वरिष्ठांकडे करायची असेल तर?"

"मालनबाईंना वरिष्ठ कोणी नाही," अनिल म्हणाला. "संपादकसुद्धा त्यांच्यासमोर रेडिओ बंद करतात."

कूपन असं होतं:

*आमच्या समीक्षकांशी असहमत? आपला कौल द्या! किमान पंचवीस जणांचा संयुक्त कौल विचारात घेऊन वाचकांचा क्रमांक समीक्षकांच्या क्रमांकाशेजारी छापला जाईल. कौल कसा मिळाला हे थोडक्यात लिहावे. मूळ कूपन आवश्यक, झेरॉक्स चालणार नाही. ८ जानेवारीपर्यंतचा टपालशिक्का असलेली कूपनेच स्वीकारली जातील.*

'कौल' या शब्दाकडे वाचकाने जरा लक्ष ठेवावं. श्रीपतीने ठेवलं नाही.

आठ आणि सात (विभागून)

पंचवीस माणसं म्हणजे काय, असं श्रीपतीला वाटलं होतं. त्यांच्या आळीतच चाळीस होती.

पहिल्यांदा तो आप्पा भाटकरांकडे गेला. आप्पा निवृत्त तलाठी. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते चष्मा काढतात, पुसतात आणि न घालताच सही नाकारतात.

"पहिला नंबर मागू नकोस, श्रीपती," ते म्हणाले. "पहिला मागितलास की तपासणी लागते. पाचवा माग. पाचव्याकडे कोणी बघत नाही."

"पण आप्पा, गाणं पहिलं आहे."

"तू ऐकलंस कुठं?"

मोरीत, असं कसं सांगणार? "असंच. तत्त्वाचा प्रश्न आहे," श्रीपती म्हणाला.

"तत्त्वाचा असेल तर सातवा माग," आप्पा म्हणाले. तरी सही केली त्यांनी, फक्त सहीच्या पुढे कंसात आपल्या आवडीचं भजन लिहिलं. ते बघून शेजारच्या मालगुंडकरवहिनींनी आपलं आवडतं भावगीत लिहिलं. पलीकडच्या बेहेऱ्यांनी सनईचं नाव लिहिलं. कुठली सनई ते नाही, नुसतं 'सनई'. नवव्या सहीपर्यंत कागदावर नऊ निरनिराळी गाणी झाली आणि त्यात 'तुझी छत्री माझ्याकडे' नव्हतंच. श्रीपतीने स्वतःची सही धरून दहा केल्या आणि तेवढ्याने गाणं पुन्हा दहावं आलं.

क्रमांक सहा

कचेरीत निराळंच. श्रीपतीने शिपाई लवूला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "लवू, मला कौल हवाय. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये." लवूने मान डोलावली. संध्याकाळी श्रीपती घरी आला तर ओटीवर मंगलोरी कौलं रचलेली. सहा. त्यांतलं एक फुटकं.

"मुळ्येभाऊसाहेब, गोडाऊनच्या मागं पडून होती," पायरीवर थांबलेला लवू कुजबुजला. "कोणी बघितलं नाय. आणखी लागली तर सांगा. कुठं गळतंय?"

ती सरकारी कौलं होती. परत न्यायची तर नेली कशी हे लिहून द्यावं लागलं असतं, ठेवायची तर ती चोरी. शेवटी श्रीपती आणि लवू दोघं दुपारच्या सुट्टीत ती पोत्यात घालून परत गोडाऊनमागे ठेवत असताना कार्यकारी अभियंता खिडकीत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. सरकारी नोकरीत हे सगळ्यात वाईट.

त्याच संध्याकाळी कुसुमने विचारलं, "कौलं कशाला आणली होती?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," श्रीपती म्हणाला.

पाच *(हा क्रमांक कूपनाअभावी रद्द होण्याच्या बेतात होता)*

कारण कूपन नव्हतं. पुरवणीच घरात नव्हती. कुसुमने ती आप्पा भाटकरांकडे दिली होती. कूपनाच्या बरोब्बर पाठीमागे आप्पांच्या सासूबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाची जाहिरात होती, फोटोसकट, आणि आप्पांनी आळीतले सगळे अंक मागून नेऊन ट्रंकेत ठेवले होते.

"कापणार?" आप्पा उठून उभे राहिले. "सासूबाईंना कात्री लावणार?"

"अहो, तुमच्याकडे एकोणीस आहेत."

"एकोणीस असल्या तरी सासूबाई एकच."

आतून आप्पांच्या पत्नीचा आवाज आला, "द्या हो त्यांना एक. आई बिचारी जिवंतपणीही कोणाला नाही म्हणाली नाही." मग पंधरा मिनिटं त्या दोघांचं, आई कोणाला आणि किती वेळा नाही म्हणाली होती यावर झालं. त्यात श्रीपतीला कूपन मिळालं ते अशा अटीवर, की पोस्टात टाकताना सासूबाईंचा चेहरा दुमडायचा नाही. तेव्हा पाकीट मोठं घ्यावं लागलं.

आता फक्त माणसं. जिथली माणसं आपापली गाणी लिहिणार नाहीत अशी. श्रीपतीला गाव आठवला. पालीपासून दोन मैलांवर वेळवाडी, जिथे त्याची थोडी भातजमीन होती आणि जिथल्या नळयोजनेचा कागद त्याच्याच टेबलावर होता. आठ तारखेला दुसरा शनिवार, कचेरीला सुट्टी. पालीच्या पोस्टातून टपाल पाचला निघतं. दुपारी सह्या, पाचच्या आत पोस्ट. कुसुमलाही तिथल्या देवळातल्या देवीची ओटी भरायची होती, ती बरोबर आली. कूपनाचं तिला काही ठाऊक नव्हतं. पाकीट श्रीपतीच्या सदऱ्याच्या आत होतं. छातीशी काहीतरी कडक, म्हणून एसटीत तो सारखा ताठ बसला होता.

क्रमांक चार *(परीक्षकांनी राखून ठेवला)*

गाव जमला तो नळासाठीच.

"भाऊसाहेब, पाणी कवा येतंय?" म्हातारी सगुणा पहिली म्हणाली.

"येईल. यादीत आहे."

"यादीत आमी कितवं?"

श्रीपतीने खोकून घेतलं. मग त्याने धीर करून सांगितलं, की आज पाण्याचं नाही, आज जरा निराळं काम आहे. रत्नागिरीच्या पेपराला सगळ्यांचा कौल हवाय. पंचवीस माणसांचा.

सगळे गुरवाकडे बघू लागले. रामा गुरव देवळाच्या पायरीवर बसला होता, तो उठला. मानाने उठला.

"पेपराला कौल पायजे?"

"हो. एका गाण्याबद्दल. आणि कसा मिळाला तेही लिहून द्यायचंय."

"मंग हितं कागदावर कशाला? चला देवळात." रामा जाता जाता म्हणाला, "इतक्या वर्षांत पयल्यांदा कोनीतरी रीतीनं इचारलं."

इथे श्रीपतीला एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. कौल म्हणजे तो कौल नव्हे हो, मत, नुसतं मत. पण पंचवीस माणसं आपल्यासाठी चपला काढून देवळात चाललेली, गुरवाने विहिरीवर हात-पाय धुतलेले, अशा वेळी 'नुसतं मत' म्हणायला जी निराळ्या जातीची छाती लागते तिच्यावर सध्या आप्पांच्या सासूबाई होत्या.

शिवाय कूपनावर लिहिलंच होतं: *कौल कसा मिळाला हे थोडक्यात लिहावे.*

देवळात कुसुम ओटीचं ताट घेऊन उभी. "काय चाललंय हे?"

"तत्त्वाचा..." श्रीपती म्हणाला आणि थांबला.

रामाने देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या डावीकडे-उजवीकडे लावल्या. ज्या बाजूची आधी पडेल तो कौल: उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाही. मग हात जोडून त्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू श्रीपती मुळ्ये, पानीपुरवठा खात्याचा..."

"होय महाराजा!" गाव म्हणाला.

"...तुज्या दारात आलाय. एक गानं हाय. त्या गान्याचं नाव..." त्याने मान वळवली.

"तुझी छत्री माझ्याकडे," श्रीपती पुटपुटला.

"तुजी छत्री ह्येच्याकडं हाय, म्हाराजा!"

"होय महाराजा!"

कुसुमच्या हातातलं ताट खाली गेलं. पडलं नाही, तिने ते खाली ठेवलं. ती नवऱ्याकडे बघत होती.

"...तर ह्ये गानं पयल्या नंबराचं असंल तर उजवा दे!"

डावी पाकळी पडली. एका क्षणात, विचारही न करता.

"पयलं नाय," रामा म्हणाला. "म्होरं?"

"दुसरं," श्रीपती म्हणाला. आता माघार नव्हती.

डावी. तिसरं? डावी. चौथ्याला पाकळी थोडी रेंगाळली, गाव पुढे झुकला. मग डावी. पाचव्याला श्रीपतीला आप्पा आठवले आणि आशा वाटली. डावी. सहावं, डावी. सातव्याच्या वेळी सगुणा म्हातारी म्हणाली, "भाऊसाहेब, आमच्या नळागत झालं ह्ये," आणि माणसं हसली, श्रीपती सोडून. आठवं. नववं. प्रत्येक वेळी नवी पाकळी, नवं गाऱ्हाणं, "होय महाराजा", आणि डावी.

"धावं?" रामाने हळूच विचारलं. त्यालाही वाईट वाटत होतं.

श्रीपतीने खांबाकडे तोंड फिरवलं. रामानेच देवाला विचारलं.

उजवी पडली. टप्पकन.

मालन आजगावकर आणि ग्रामदेव यांचं एकमत झालं होतं. पंचवीस साक्षीदारांसमक्ष. श्रीपतीने सदऱ्यातून पाकीट काढलं आणि आता हे थोडक्यात कसं लिहायचं, याचा तो खरोखरच विचार करू लागला.

"देवानं गाणं ऐकलंय का?"

कुसुम. तिचा आवाज देवळात जरा मोठाच लागला.

"आँ?" रामा म्हणाला.

"ऐकलंय का त्याने? न ऐकता कसा दहावा नंबर देतो?" ती पुढे आली. "बाईंचं मी समजू शकते. त्यांनी निदान कॅसेट लावली असेल."

गाव चपापला. पण रामा गुरव न्यायी माणूस. त्याने डोकं खाजवलं. "वैनीचं बरोबर हाय. आमीबी आयकलेलं नाय. न आयकता इचारलं ही चूक आपली, देवाची नाय. भाऊसाहेब, म्हना."

"मी?"

"गानं तुमचं ना?"

श्रीपती मुळ्येने आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. राष्ट्रगीतही तो ओठ हलवून म्हणतो. पण बुधवारी डोक्यावर ओतलेला तो तिसरा तांब्या वाया कसा घालवायचा? त्याने खांबाला हात लावला आणि सुरू केलं. शब्द सगळे आले. दोन्ही कडवी आली, मधलं 'राहिली, राहिली' आलं. चाल तेवढी आली नाही.

"भाऊसाहेब, गानं म्हनताव का नोटीस वाचताव?" मागून कोणीतरी म्हणालं.

श्रीपतीचे कान लाल झाले. तरी तो थांबला नाही. दुसऱ्यांदा 'राहिली'ला आला.

"थांबा, थांबा," कुसुम म्हणाली. "'राहिली'ला असा झटका नाही देत." मग ती स्वतःच थांबली. "तुम्हाला कडवी कशी पाठ?"

श्रीपतीने जमिनीकडे बघितलं. "मोरीत ऐकू येतं," तो म्हणाला.

कुसुमने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्या हातातल्या पाकिटाकडे, ज्यातून सासूबाईंचा अर्धा चेहरा बाहेर आला होता आणि वळलेल्या कोपऱ्यावर पाठीमागचं 'असहमत?' दिसत होतं. मग तिने घसा साफ केला.

गुणगुणली नाही. गायली. तोंड उघडून, पोळ्यांशिवाय, लाटण्याशिवाय. मोरीच्या भिंतीतून सहा महिने जे येत होतं ते ह्याच्या निम्मंही नव्हतं. भिंत जाड होती. आवाज सरळ वर गेला, देवळाच्या कौलांना लागला आणि खाली आला. सगुणा म्हातारीने डोक्यावरचा पदर कानामागे सारला. गाण्यात काय होतं म्हणाल तर काही नव्हतं. एका मुलीची छत्री एका मुलाकडे राहिली होती, आणि पाऊस संपून गेला होता, आणि ती परत कशी मागायची हे दोघांनाही कळत नव्हतं.

संपलं.

रामाने नव्या पाकळ्या भिजवल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घातलं, या वेळी छत्री बरोबर ज्याची त्याच्याकडे ठेवून. "पयल्या नंबराचं असंल तर उजवा दे, नायतर डावा दे!"

"होय महाराजा!"

पाकळ्या हलल्या नाहीत.

गाव थांबला. श्रीपती थांबला. बाहेर कुठेतरी पालीकडे जाणारी एसटी हॉर्न देऊन गेली. पाच वाजून गेल्याचं श्रीपतीच्या लक्षात आलं, आणि त्याने ते फारसं लक्षात येऊ दिलं नाही.

"पडत का नाहीत?" तो कुजबुजला.

रामा पाषाणाकडे वाकून बघत होता. डावी नाही, उजवी नाही, दोन्ही ओल्या, दोन्ही चिकटलेल्या. तो मागे वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जे तिथल्या कोणी आधी बघितलेलं नव्हतं.

"देव आयकतोय अजून," तो म्हणाला. "वैनी, आनखी एकदा म्हना."

कुसुमने पदर खोचला. या वेळी तिने सुरुवातीपासून सुरू केलं नाही. तिला आवडतं तिथून केलं.